दोनशे कोटींचे रोखे आणि पुण्याचे पाणी

२२ जून २०१७. मुंबई शेअर बाजारात घंटा वाजली आणि पुणे महानगरपालिकेचे २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे व्यवहारासाठी खुले झाले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय मंत्री व्यंकय्या नायडू हजर होते. दहा वर्षांची मुदत, ७.५९ टक्के व्याज आणि मागणी विक्रीला काढलेल्या रकमेच्या जवळपास सहापट. दहा वर्षांहून जास्त काळ निपचित पडलेल्या महापालिका रोख्यांच्या बाजारात पुण्याने पुन्हा जान आणली, असे सगळीकडे छापून आले आणि ते खरेच होते. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०१५ साली महापालिकांच्या रोख्यांसाठी वेगळी नियमावली केली होती. तिच्याखाली बाजारात उतरणारे पहिले शहर पुणे ठरले.

हे पैसे उभे केले होते समान पाणीपुरवठा योजनेसाठी, ज्या योजनेला लोक आजही ‘चोवीस तास पाणी’ म्हणतात. रोख्यांचे पैसे महापालिकेच्या खात्यात आले तेव्हा योजनेच्या मुख्य कामाचा ठेका कोणालाच दिलेला नव्हता. निविदा वादात सापडल्या, रद्द झाल्या, पुन्हा काढाव्या लागल्या, आणि तोवर कर्जाची रक्कम बँकेत मुदत ठेवीत पडून राहिली. साडेसात टक्क्यांनी काढलेले कर्ज त्याहून कमी व्याजाच्या ठेवीत ठेवायचे, हा हिशेब पेठेतल्या कोणत्याही किराणा दुकानदाराला समजावायची गरज नव्हती. विरोधी नगरसेवकांनी आणि नागरिक संघटनांनी तो पुढची कित्येक महिने मांडला.

इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि बहुतेकदा ती ‘प्रशासनाची घाई’ या दोन शब्दांत मिटवली जाते. मला ती इतकी सोपी वाटत नाही. बाजाराने पुण्याला कर्ज दिले ते घरपट्टीच्या भरवशावर, पाण्याच्या योजनेच्या भरवशावर नव्हे. पुढे जे घडले त्यातले बरेचसे या एका गोष्टीतून उलगडते. पण त्याआधी शहराचा खिसा आणि शहराची तहान या दोन्हींकडे पाहू.

खिसा

महाराष्ट्रातल्या मोठ्या महापालिकांचा जीव दीर्घकाळ जकातीत होता. नाक्यावर ट्रक थांबला की पैसा, तोही रोजच्या रोज. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. व्यापाऱ्यांनी बंद पाळले, मोर्चे काढले. ऑगस्ट २०१५ मध्ये राज्य सरकारने वर्षाला ५० कोटींहून कमी उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी माफ केला, म्हणजे जवळजवळ सगळ्यांचाच. जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि महापालिकांना राज्याकडून दरमहा भरपाई मिळू लागली. थोडक्यात, चार वर्षांत शहराच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा झरा तीनदा बदलला, आणि शेवटी त्याची चावी मंत्रालयात गेली. शहराच्या स्वतःच्या हातात उरली ती मुख्यत्वे घरपट्टी, शिवाय बांधकाम परवान्यांचे शुल्क. ते शुल्क बांधकाम व्यवसायाच्या भरती-ओहोटीवर हेलकावे खाते.

घरपट्टीलाही पुणेरी वळण आहेच. स्वतः राहणाऱ्या घरमालकाला करात ४० टक्के सवलत देण्याचा ठराव १९७० पासून चालत आला होता. २०१८-१९ च्या सुमारास राज्य सरकारने ती सवलत काढली, लोकांनी आरडाओरडा केला आणि २०२३ मध्ये ती परत आली. ज्या कराच्या तारणावर शहराने दहा वर्षांचे कर्ज घेतले, त्या कराचे मोजमाप त्या दहा वर्षांत दोनदा बदलले, आणि दोन्ही वेळा निर्णय शहराबाहेर झाला.

२०१७-१८ मध्ये पुणे महापालिकेचे अंदाजपत्रक साडेपाच हजार कोटींच्या पुढे होते. २०० कोटी म्हणजे त्याचे चार टक्केही होत नाहीत. मग शेअर बाजारात जायचेच कशाला, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. उत्तर असे की योजना २०० कोटींची नव्हतीच. एकूण २,२६४ कोटी रुपयांचे रोखे पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने काढायची कल्पना होती आणि पहिला हप्ता ही बाजाराची चाचपणी होती. पुढचे हप्ते मात्र बाजारात गेले नाहीत. ठरलेल्या कर्जाच्या नऊ टक्क्यांहूनही कमी रक्कम प्रत्यक्ष उभी राहिली, बाकीचा भार दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर पडला.

तहान

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. पुणेकराला ही चार नावे पाढ्यासारखी पाठ असतात. चारही धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवतात. त्यातून शहराचा ठरलेला वाटा अनेक वर्षे ११.५ टीएमसी होता. शहर त्याहून पुष्कळ जास्त उचलते. त्यावरून जलसंपदा खाते, महापालिका आणि खाली दौंड-इंदापूरकडचे शेतकरी यांच्यात दर उन्हाळ्यात तीच तीच पत्रे आणि तेच तेच वाद होतात.

कागदावर हिशेब करून पाहा. ११.५ टीएमसी म्हणजे रोज साधारण ८९० दशलक्ष लिटर. महापालिकेच्याच कागदपत्रांत गळती ४० टक्क्यांच्या आसपास सांगितलेली असते. ती वजा केली तर उरतात रोज ५३० दशलक्ष लिटरच्या आसपास. महानगरासाठी माणशी दीडशे लिटर धरले तर एवढे पाणी पस्तीस लाख लोकांना पुरते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती. म्हणजे गळती तशीच ठेवूनही, त्या वेळच्या पुण्याला ठरलेला वाटाच पुरायला हवा होता. गळती निम्मी झाली असती तर उरलेही असते.

पुरत नव्हते, कारण पाणी सारखे वाटले जात नव्हते. जुन्या पेठांमध्ये आणि पर्वतीच्या जलकेंद्राच्या उताराला असलेल्या भागात नळाला धो धो पाणी. धानोरी, वडगाव शेरी, बाणेर-बालेवाडीच्या टोकाला मात्र सोसायटीच्या फाटकाशी टँकर. वितरणाची बरीचशी मदार व्हॉल्व्हमनवर असते. तो किल्ली घेऊन फिरतो, एका गल्लीचा व्हॉल्व्ह उघडतो, दुसरीचा बंद करतो. कोणत्या भागाला किती पाणी गेले याचा आकडा कोणाकडेच नसतो, कारण मोजायला मीटरच नाहीत. ठरावीक वेळीच पाणी येणार असल्यामुळे माणसे भांडी, पिंप, टाकी, जे हाताला लागेल ते भरून ठेवतात. सकाळी नवे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून ओतून देतात. ही सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की तिला कोणी नासाडी म्हणतच नाही! शिवाय दाब नसल्याने लाइनीला थेट मोटर लावणारे आहेतच, त्यांच्यामुळे पुढच्या घराला हवा मिळते.

चोवीस तास पाणी हे नाव त्यामुळे थोडे फसवे होते. नळ दिवसभर उघडा ठेवायला मिळणे हा योजनेचा हेतू नव्हता. पाइपात सतत दाब असला की साठवण थांबते, शिळे पाणी उरत नाही, बाहेरची घाण फुटक्या सांध्यातून आत शिरत नाही, आणि गळती कुठे आहे ते शोधता येते. त्यासाठी शहराचे १४१ झोन करायचे, प्रत्येक झोनला ठरलेल्या टाकीतून पाणी द्यायचे, झोनमध्ये शिरणारे पाणी मोजायचे आणि ग्राहकांच्या मीटरच्या बेरजेशी ताळा घालायचा. ८० हून अधिक टाक्या, १,६०० किलोमीटरच्या आसपास नव्या वाहिन्या, तीन लाखांवर मीटर. तांत्रिकदृष्ट्या रचना चांगली आहे असे मला आजही वाटते. तिचा प्राण मीटरमध्ये आहे, हे इथे लक्षात ठेवू.

बाजाराने काय पाहिले

रोखे काढण्याआधी महापालिकेला बरीच झाडलोट करावी लागली आणि ती या प्रकरणातली सर्वांत कमी चर्चा झालेली चांगली बाजू आहे. सेबीच्या नियमांनुसार हिशेब दुहेरी नोंद पद्धतीचे हवेत, लागोपाठच्या तीन वर्षांत नक्त मत्ता (मालमत्तेतून देणी वजा करून उरते ती) उणे नको, आधीचे कर्ज थकलेले नको, पतमानांकन गुंतवणुकीच्या दर्जाचे हवे. पुण्याला दोन संस्थांकडून एए प्लस मानांकन मिळाले. अमेरिकेच्या अर्थखात्याच्या तांत्रिक साहाय्य विभागाने सल्ला दिला. राज्य सरकारची परवानगी घेतली. महापालिकेच्या हिशेबाची कपाटे कोणी बाहेरच्याने इतक्या बारकाईने उघडून पाहिली, असे फार वेळा होत नाही.

परतफेडीची हमी काय? घरपट्टीचे पैसे एका वेगळ्या एस्क्रो खात्यात आधी जमा होतील, त्यातून रोख्यांचे देणे बाजूला पडेल, उरलेले महापालिकेला खर्चायला मिळेल. गुंतवणूकदाराच्या नजरेतून यापेक्षा भक्कम व्यवस्था नाही. पुण्यात लोक घरपट्टी भरतात, चालू वर्षाची सवलत मिळावी म्हणून मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात रांगा लावतात. त्या रांगेवर कर्ज द्यायला कोणतीही बँक, विमा कंपनी किंवा भविष्य निर्वाह निधी तयारच असणार.

म्हणूनच व्याज स्वस्त लागले. १९९८ साली अहमदाबादने राज्य सरकारच्या हमीशिवाय देशातले पहिले महापालिका रोखे काढले तेव्हा त्यांना १४ टक्के द्यावे लागले होते. आपल्याकडे नाशिकने १९९९ मध्ये १०० कोटी आणि नागपूरने २००१ मध्ये ५० कोटी उभे केले, तेही दोन आकडी व्याजानेच. काळ वेगळा होता, व्याजदरही वेगळे होते. पण पुण्यानंतर दीड वर्षाच्या आतच हैदराबादला ८.९, इंदूरला ९.२५ आणि भोपाळला ९.५५ टक्के मोजावे लागले, त्या तुलनेत पुण्याचा सौदा खरोखर चांगला होता. वर केंद्र सरकार दर १०० कोटींमागे १३ कोटी प्रोत्साहन देत होते, म्हणजे पुण्याच्या वाट्याला २६ कोटी. वर्षाचे व्याज १५ कोटी १८ लाख. २६ कोटी दहा वर्षांवर पसरले तर खरे व्याज सव्वासहा टक्क्यांच्या आसपास येते. एवढ्या स्वस्त पैशाला नाही म्हणणारा आयुक्त मूर्ख ठरला असता.

मुख्य सभेत मात्र हे असे दिसले नाही. फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत भाजपला पहिल्यांदाच महापालिकेत स्पष्ट बहुमत मिळाले होते. राष्ट्रवादी, काँग्रेस आणि शिवसेना विरोधात. शहर कर्जबाजारी केले, शहर गहाण टाकले, असे आरोप झाले. यातली गंमत अशी, की योजनेला आणि तिच्यासाठीच्या पाणीपट्टीवाढीला २०१६ च्या सुरुवातीला मंजुरी मिळाली होती ती राष्ट्रवादीच्या सत्तेत. पहिल्या वर्षी १२ टक्के, पुढची काही वर्षे दरवर्षी १५ टक्के.  खुर्च्या बदलल्या, तशी भाषणेही बदलली.

मग अडले कुठे

वाहिन्या आणि मीटरच्या कामासाठी आलेल्या निविदा पूर्वगणनपत्रकाच्या, म्हणजे महापालिकेने आधी काढलेल्या खर्चाच्या अंदाजाच्या, कितीतरी वरच्या दराच्या निघाल्या. ठेकेदारांनी आपापसांत ठरवून दर लावले, असा आरोप झाला. रस्ता खोदायचाच आहे तर ऑप्टिकल फायबरसाठी नळकांडीही टाकू, हा विचार निविदेत शिरला होता. रस्ता एकदाच खोदावा ही कल्पना मुळात बरी, पण पाण्याच्या पैशातून इंटरनेटच्या नळ्या कशाला, हा सवालही रास्त. प्रकरण मुख्यमंत्र्यांपर्यंत गेले. निविदा रद्द झाल्या, खर्चाचे आकडे नव्याने मांडले गेले, फेरनिविदा निघाल्या आणि २०१८ मध्ये ठेका दिला गेला.

या मधल्या काळात महापालिका कर्जावर महिन्याला सव्वा कोटीहून जास्त व्याज देत होती. ठेवीवर व्याज मिळत होते, त्यामुळे सव्वा कोटी पूर्ण बुडाले असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. बुडाला तो दोन दरांमधला फरक. मोठ्या महापालिकेच्या मानाने ती रक्कम किरकोळच. निविदा रद्द होऊन दर खाली आले असतील तर त्या वाचलेल्या पैशापुढे हा फरक चिल्लर आहे.

मग माझा आक्षेप कशावर? क्रमावर. ठेका दिला, कामाचे वेळापत्रक ठरले, पहिले देयक कधी येणार हे कळले, आणि त्यानुसार कर्ज काढले, असा क्रम असायला हवा होता. प्रशासनाची बाजूही ऐकू. पैशाची सोय दाखवल्याशिवाय एवढ्या मोठ्या कामाची निविदा काढता येत नाही. एकापेक्षा जास्त वर्षे चालणाऱ्या कामाचे आर्थिक दायित्व स्वीकारायला महापालिका कायद्याच्या कलम ७२ ब खाली मान्यता लागते, आणि तिथे ‘निधी कुठून’ हा पहिला प्रश्न असतो. शिवाय तेव्हा बाजारात व्याजदर उतरलेले होते, केंद्राचे प्रोत्साहन समोर होते, ते पहिल्या काही शहरांनाच मिळणार होते. या बाजूत तथ्य आहे. तरीही ‘निधी उभा करण्याची परवानगी हातात असणे’ आणि ‘निधी खात्यात असणे’ यांत फरक असतो आणि ठेकेदाराला बोलवायला पहिली पुरते.

आता एस्क्रोकडे परत जाऊ. समजा हे रोखे पाण्याच्या उत्पन्नावर काढले असते. परतफेड पाणीपट्टीतून, आणि पाणीपट्टी मीटरच्या आकड्यावर. मग मानांकन संस्थेने पहिला प्रश्न विचारला असता की मीटर कधी बसणार. दुसरा, दर किती आणि तो कोण ठरवणार. तिसरा, ठेका दिला का? व्याज एक-दीड टक्का जास्त लागले असते, कदाचित रोखे विकलेही गेले नसते. पण वाहिन्या रखडल्या की दर सहामाहीला कोणीतरी बाहेरचा, ज्याचे पैसे अडकले आहेत असा, महापालिकेच्या दारात उभा राहिला असता. घरपट्टीच्या तारणाने तो माणूस कायमचा घरी पाठवला. वाहिनी एक मीटर पडो की हजार किलोमीटर, त्याचे व्याज वेळेवर पोचतेच आहे. रोख्यांमुळे शहराला ‘बाजाराची शिस्त’ लागेल असे घंटा वाजली त्या दिवशी म्हटले जात होते. शिस्त लागली ती हिशेबाच्या वह्यांना. वाहिन्या टाकणाऱ्या खात्यापर्यंत ती पोचायला मार्गच ठेवला नव्हता.

पाणीपट्टीचे उत्पन्न तारण ठेवता आले नसते, हेही खरे. पुण्यात घरगुती पाणीपट्टी करपात्र मूल्याच्या पायऱ्यांवर ठरते, घरपट्टीच्याच बिलात येते आणि तिचा वापराशी संबंध नसतो. दोन खोल्यांच्या जुन्या घरात दिवसभर नळ वाहता ठेवणारा आणि टँकरवर जगणाऱ्या फ्लॅटमधला यांची बिले पाहिली तर उलटाच हिशेब दिसेल. मीटरप्रमाणे बिल लावायचे म्हणजे पेठेतल्या मतदाराला जास्त आणि टोकाच्या मतदाराला कमी. कोणता नगरसेवक हे प्रभागात जाऊन सांगणार? अनेक भागांत मीटर बसवायलाच विरोध झाला, तो करणाऱ्यांत सगळ्या पक्षांचे लोक होते. मीटर बसले तिथेही घरगुती बिल त्यावर लावायचा विषय पुढे पुढे ढकलला गेला.

कराडशेजारचे मलकापूर हे याचे उलटे उदाहरण म्हणून नेहमी पुढे येते. छोटे गाव, नगरपंचायतीचा आवाका, पण चोवीस तास पाणी, प्रत्येक घराला मीटर आणि जास्त वापरणाऱ्याला चढता दर, हे तिन्ही त्यांनी पुण्याच्या कितीतरी आधी एकत्र आणले. लहान गावाचे मोठ्या शहराला लावू नये, हे मान्य. तरी दराचा कडू घोट त्यांनी आधी घेतला, एवढे तरी घेण्यासारखे होतेच.

अंदाजपत्रकाच्या दयेवर

पुढचे रोखे निघाले नाहीत त्यामुळे योजना दरवर्षीच्या अंदाजपत्रकात येऊन पडली, आणि तिथले कायदे वेगळे असतात. पुणे महापालिकेचे अंदाजपत्रक ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना दोन शब्द माहीत असतात. एक ‘स यादी’, म्हणजे प्रभागातली छोटी कामे. बाक, ज्यूट पिशव्या, कमान, पेव्हर ब्लॉक. दुसरा ‘वर्गीकरण’, म्हणजे एका कामासाठी ठेवलेली तरतूद वर्षाच्या मध्ये उचलून दुसऱ्या कामाला देणे. मोठ्या, संथ, जमिनीखालच्या कामाची तरतूद ही वर्गीकरणाची पहिली शिकार. ‘यंदा खर्च होणारच नाही, मग पडून कशाला ठेवायची’ हा युक्तिवाद निरुत्तर करणारा असतो, आणि तो करणाऱ्याच्या हातात प्रभागातल्या रस्त्याचा प्रस्ताव तयार असतो. कमानीवर नाव घालता येते. जमिनीखालच्या वाहिनीवर कोण नाव घालणार?

कामही सोपे नव्हते, हे सांगायला हवे. चालत्या शहरात वाहिनी टाकायची म्हणजे वाहतूक पोलिसांची परवानगी, पावसाळ्याआधी खोदाई बंद, जुन्या वाहिन्यांचे नकाशे अपुरे. खोदल्यावर खाली काय निघेल ते सांगता येत नाही. पेठांत तर पेशवाईतल्या कात्रजच्या नळाचे अवशेषही सापडतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून उताराने पाणी आणून हौदांत सोडले होते आणि हौद सार्वजनिक होते. वाटपाची समानता त्या काळी निदान हौदापुरती तरी होती, असे म्हणायचा मोह होतो, पण हौदावर कोणत्या जातीने पाणी भरायचे हे आठवले की तो आवरतो. टाक्यांच्या जागांचे वाद झाले. मग २०२० मध्ये कोविड. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे शहर प्रशासकाच्या हाती राहिले. त्या काळात वर्गीकरणाचे राजकारण थांबले, पण मीटरच्या दराचा निर्णय घेण्याइतकी राजकीय वैधताही कोणाकडे उरली नाही. पाच वर्षांची म्हणून सुरू झालेली योजना मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत राहिली. २०२५ उजाडले तरी ती पूर्ण झालेली नव्हती. काही झोन तयार झाले, तिथे दाब सुधारला, गळती सापडली. म्हणजे रचना चालते. ती शहरभर चालत नाही एवढेच.

नकाशाबाहेरचे पुणे

या सगळ्यात एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते, आणि तिच्याबद्दल तुलनेने कमी लिहिले गेले. रोखे काढले जून २०१७ मध्ये. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे महापालिकेत आली. ३० जून २०२१ रोजी आणखी २३. योजनेचे १४१ झोन जुन्या हद्दीवर आखलेले. गावे येणार हे काही अचानक कळले नव्हते, समावेशाची चर्चा, अधिसूचना, न्यायालयातले वाद कित्येक वर्षे चालू होते. तीस वर्षांचा विचार करून आखलेल्या योजनेची हद्द मात्र चार महिन्यांत जुनी झाली.

समाविष्ट गावांत ग्रामपंचायतीच्या काळातल्या विहिरी, बोअर आणि टाक्या होत्या, त्यांवरच पुढे काम भागवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीकडे, गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले, राज्याला आणि केंद्राला पथके पाठवावी लागली. तेव्हा सगळ्यांचे लक्ष नांदेडच्या विहिरीकडे गेले. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर. धरणाचे पाणी आधी पर्वतीला शुद्ध होऊन शहरात जाते, आणि धरणाशेजारच्या गावाला विहिरीतले, क्लोरीन टाकलेले पाणी मिळत होते. आजाराच्या कारणांची शास्त्रीय चर्चा डॉक्टरांवर सोडू. मला दिसतो तो नकाशा. २०१७ च्या कर्जाच्या कागदांत ‘पुणे शहर’ म्हणून जे रेखाटले होते त्यात ही गावे नव्हती.

आणि तरी ही गावे त्या कर्जात आहेत. हद्दीत आल्यावर तिथल्या घरांना महापालिकेची घरपट्टी लागू झाली. ती ग्रामपंचायतीच्या करापेक्षा इतकी जास्त होती की त्यावरून आंदोलने झाली, राज्य सरकारला हस्तक्षेप करावा लागला. पण तत्त्व तेच राहते. महापालिकेची घरपट्टी म्हणजे त्या एस्क्रो खात्याचा झरा. धायरीतल्या एखाद्या सोसायटीचा सचिव एका हाताने टँकरवाल्याचे महिन्याचे बिल चुकवतो, दुसऱ्या हाताने घरपट्टीचा धनादेश लिहितो, आणि त्या धनादेशातला एक कण शहराच्या पाण्याच्या योजनेसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजात जातो.

२०२३ मध्ये शेजारच्या पिंपरी-चिंचवडनेही २०० कोटींचे रोखे काढले, ८.१५ टक्क्यांनी. तिथेही मागणी भरपूर आली. पुण्याच्या रोख्यांची मुदत जून २०२७ मध्ये संपते.